कणरूप वायुप्रदूषण आणि आरोग्यजोखमीचे मूल्यमापन : नाशिक जिल्ह्यातील वणी परिसराच्या संदर्भात

सारांश

शहरी हवेतील सूक्ष्म कणांमुळे होणाऱ्या आरोग्यहानीचा विचार बहुधा मापनकेंद्रावरील आकड्यापुरता मर्यादित राहतो. प्रस्तुत लेखात आरोग्यजोखमीच्या मूल्यमापनाचे चार टप्पे, त्यामागील शास्त्रीय आधार आणि आकडेमोडीची पद्धत यांचे विवेचन केले आहे. मापनाच्या जाळ्याबाहेर असलेल्या वणीसारख्या बाजारपेठेच्या व यात्रामार्गावरील गावात अशा मूल्यमापनाची गरज का आहे आणि ते महाविद्यालयीन पातळीवर कितपत शक्य आहे, याचाही विचार केला आहे.

प्रास्ताविक

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. राष्ट्रीय मानकांची पूर्तता न करणाऱ्या शहरांच्या त्याच्या पहिल्या यादीत देशातील १०२ शहरे होती व त्यांपैकी १७ महाराष्ट्रातील होती. नाशिक शहराचा त्यात समावेश होता. २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत कणांचे प्रमाण २० ते ३० टक्क्यांनी कमी करावे, असे उद्दिष्ट आरंभी ठरविण्यात आले. पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे वाढविण्यात आले.

यादीत शहराचा समावेश होण्यासाठी त्या शहरात मापनकेंद्र असणे व तेथील आकडे मानकापेक्षा अधिक असणे आवश्यक होते. जेथे मापनच होत नाही ते गाव यादीत येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. दिंडोरी तालुक्यातील वणी हे असे एक गाव होय. नाशिकहून दिंडोरीमार्गे सप्तशृंगगडाकडे जाणारा रस्ता आणि पिंपळगाव बसवंतहून सापुताऱ्याकडे जाणारा रस्ता यांमुळे येथे वाहनांची वर्दळ असते. भोवती द्राक्षे व टोमॅटो यांची शेती आहे. चैत्रात आणि आश्विनातील नवरात्रात गडावर जाणाऱ्या भाविकांची मोठी गर्दी या मार्गाने जाते. रस्त्यावरील धूळ, डिझेलचा धूर, चुलीचा धूर आणि कचरा जाळल्याने होणारा धूर हे शहरात आढळणारे चारही स्रोत येथे आहेत. हवेचा आकडा मात्र नाशिकचा सांगितला जातो. आकड्याचा अभाव म्हणजे जोखमीचा अभाव नव्हे, हे स्पष्ट करण्यासाठी जोखीम कशी मोजली जाते हे समजून घेणे आवश्यक ठरते.

कणांचे स्वरूप व मानके

हवेत तरंगणाऱ्या घन व द्रव कणांची वर्गवारी त्यांच्या वायुगतिक व्यासावरून केली जाते. १० मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना ‘पीएम १०’ आणि २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना ‘पीएम २.५’ असे म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ५० ते ७० मायक्रोमीटर असते, यावरून या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. रस्त्यावरील धूळ, बांधकाम व नांगरट यांतून निघणारे कण प्रामुख्याने जाड असतात व त्यांचा बराचसा भाग नाक-घशात आणि मोठ्या श्वासनलिकांत अडकतो. लाकूड, शेणी, डिझेल व कोळसा यांच्या ज्वलनातून निर्माण होणारे कण मुख्यतः २.५ मायक्रोमीटरहून लहान असतात. ते फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि तेथे निर्माण होणाऱ्या दाहाचे परिणाम रक्ताभिसरणावरही होतात. म्हणूनच या प्रदूषणाची हानी दमा व जुनाट श्वसनरोगांपुरती न राहता हृदयविकार आणि पक्षाघात यांपर्यंत जाते.

नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी प्रतिघनमीटर ४० मायक्रोग्रॅम व २४ तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅम यांहून अधिक असू नये. पीएम १० साठी हीच मूल्ये अनुक्रमे ६० व १०० आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक मूल्ये बरीच कठोर आहेत. पीएम २.५ साठी ती वार्षिक ५ व २४ तासांसाठी १५, तर पीएम १० साठी वार्षिक १५ व २४ तासांसाठी ४५ मायक्रोग्रॅम अशी आहेत. राष्ट्रीय मानक ठरविताना साध्यता व खर्च यांचाही विचार होतो. त्यामुळे मानकाच्या आत असणे आणि निर्धोक असणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

दैनिक निर्देशांकाची मर्यादा

२०१५ पासून हवा गुणवत्ता निर्देशांक सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला आहे. त्याचा उपयोग त्या दिवशी कोणती काळजी घ्यावी हे सांगण्यासाठी आहे. दीर्घकालीन जोखीम मोजण्यासाठी तो अपुरा पडतो, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. निर्देशांकात पीएम २.५ चे २४ तासांचे प्रमाण ३१ ते ६० असल्यास हवा ‘समाधानकारक’ गणली जाते. समजा, एखाद्या गावात वर्षातील प्रत्येक दिवशी हे प्रमाण ५५ राहिले आणि इतर प्रदूषके मर्यादेत राहिली, तर ३६५ दिवस हवा ‘समाधानकारक’ अशीच नोंदली जाईल. वार्षिक सरासरी मात्र ५५ येईल, म्हणजे राष्ट्रीय मानकापेक्षा १५ ने अधिक आणि जागतिक मार्गदर्शक मूल्याच्या ११ पट. ज्या हवेविषयी वर्षभरात एकदाही इशारा मिळत नाही, तीच हवा वर्षाच्या हिशेबात हानिकारक ठरू शकते.

जोखीम मूल्यमापनाचे चार टप्पे

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८३ मध्ये आरोग्यजोखमीच्या मूल्यमापनाची जी चौकट मांडली ती आजही सर्वत्र वापरली जाते. तिचे चार टप्पे पुढीलप्रमाणे आहेत : धोक्याची निश्चिती, मात्रा-परिणाम संबंध, संपर्कमात्रेचे मापन आणि जोखमीचे निरूपण. येथे ‘धोका’ व ‘जोखीम’ यांतील भेद महत्त्वाचा आहे. धोका हा पदार्थाचा गुणधर्म होय. त्या पदार्थाशी किती लोकांचा, किती प्रमाणात व किती काळ संबंध येतो यावरून जोखीम ठरते.

१) धोक्याची निश्चिती : डिसेंबर १९५२ मधील लंडनच्या धुरक्यात सुमारे ४,००० अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज त्या काळी करण्यात आला. पुढील अभ्यासांत हा आकडा १२,००० पर्यंत गेला. अमेरिकेतील सहा शहरांच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वय, धूम्रपान इत्यादी घटक विचारात घेऊनही सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक आढळला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये हवेतील कणरूप प्रदूषणाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला.

महाराष्ट्रातही या विषयाची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लालबाग, चेंबूर व खार या तीन वस्त्या आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग निवडून रहिवाशांच्या श्वसनविकारांचा अभ्यास केला. अधिक प्रदूषित वस्त्यांत खोकला, धाप यांसारख्या तक्रारी अधिक आढळल्या. हवेचे मापन व माणसांची तपासणी या दोन्ही गोष्टी एकाच वस्तीत करणे हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होते.

२) मात्रा-परिणाम संबंध : कणांचे प्रमाण विशिष्ट एककाने वाढल्यास मृत्यू किंवा आजार किती पटीने वाढतात, हे या टप्प्यात ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मूल्यांसाठी जगभरातील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करण्यात आले. त्यानुसार पीएम २.५ च्या दीर्घकालीन सरासरीत दर १० मायक्रोग्रॅम वाढीमागे नैसर्गिक कारणांनी होणाऱ्या मृत्यूंची सापेक्ष जोखीम १.०८ पट (विश्वासमर्यादा १.०६ ते १.०९) होते.

हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील असल्याने भारतास ते लागू पडतील काय, अशी शंका घेतली जात असे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी तिचे बऱ्याच अंशी निरसन केले आहे. पहिल्यात २००९ ते २०१९ या काळातील देशातील ६५५ जिल्ह्यांची माहिती तपासण्यात आली. त्यात दर १० मायक्रोग्रॅम वाढीमागे वार्षिक मृत्यूंत ८.६ टक्के वाढ आढळली. वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅमच्या आत असलेला एकही जिल्हा त्यात नव्हता. दुसऱ्या अभ्यासात मुंबई व पुणे यांसह दहा शहरांतील २००८ ते २०१९ मधील सुमारे ३६ लाख मृत्यूंच्या दैनिक नोंदी घेण्यात आल्या. दोन दिवसांच्या सरासरीत १० मायक्रोग्रॅम वाढ झाल्यास दैनिक मृत्यू १.४२ टक्क्यांनी वाढतात असे दिसले. बंगळुरू, चेन्नई व शिमला या तुलनेने कमी प्रदूषित शहरांत ही वाढ अधिक तीव्र होती. लहान गावांच्या दृष्टीने हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. हवा दिल्लीपेक्षा बरी आहे एवढ्यावरून जोखीम नगण्य ठरत नाही.

३) संपर्कमात्रेचे मापन : मापनकेंद्र एका जागी स्थिर असते. माणूस मात्र दिवसभरात स्वयंपाकघर, अंगण, रस्ता, शेत, दुकान व वर्ग अशा अनेक ठिकाणी श्वास घेतो. म्हणून प्रत्येक ठिकाणचे प्रमाण व तेथे घालविलेले तास यांचा गुणाकार करून, त्या गुणाकारांच्या बेरजेस २४ ने भागावे लागते. पुढील उदाहरणातील प्रमाणे केवळ पद्धत समजावी यासाठी गृहीत धरली आहेत.

चुलीवर स्वयंपाक करणारी एक गृहिणी ४०० मायक्रोग्रॅम प्रमाणाच्या धुरात ३ तास, घरात इतर वेळी ५० प्रमाणात १५ तास आणि बाहेर ६० प्रमाणात ६ तास असते. तिची सरासरी संपर्कमात्रा सुमारे ९६ येते. मुख्य रस्त्यालगतचा दुकानदार १२० प्रमाणात १० तास व घरी ४५ प्रमाणात १४ तास असतो. त्याची सरासरी सुमारे ७६ येते. बाहेरच्या हवेचे प्रमाण ६० असताना दोघांपैकी एकाचीही संपर्कमात्रा ६० नाही. गृहिणीच्या एकूण मात्रेपैकी निम्म्याहून अधिक भाग चुलीजवळच्या तीन तासांतून येतो, आणि रस्त्याकडेचे मापनकेंद्र या भागाची नोंद घेऊ शकत नाही.

घरातील धुराचा हा प्रश्न संशोधकांनी पूर्वीच मांडला आहे. कर्क स्मिथ व सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या संपर्कमात्रेचे मापन करून १९८३ मध्ये ते प्रसिद्ध केले. चुलीजवळ एकूण निलंबित कणांचे प्रमाण प्रतिघनमीटर काही हजार मायक्रोग्रॅम आढळले होते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखात धूम्रपान न करणाऱ्यांत आढळणाऱ्या जुनाट श्वसनअवरोधाकडे लक्ष वेधले व जैवइंधनाचा धूर हे त्याचे जगातील एक प्रमुख कारण असल्याचे प्रतिपादन केले. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे गॅसजोडण्या वाढल्या. तथापि गॅस घरात आल्यावरही भाकरीसाठी चूल व आंघोळीच्या पाण्यासाठी बंब चालू राहतो, हे ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र दिसते. त्यामुळे ‘गॅसजोडणी आहे काय’ या प्रश्नापेक्षा ‘काल चूल किती तास पेटली होती’ हा प्रश्न सर्वेक्षणात अधिक उपयुक्त ठरतो.

संपर्कमात्रेबरोबर श्वासाचे आकारमानही विचारात घ्यावे लागते. विश्रांत अवस्थेत प्रौढ व्यक्ती ताशी सुमारे अर्धा घनमीटर हवा घेते. भरभर चालताना किंवा चढ चढताना हे आकारमान सुमारे तिप्पट होते. नाशिककडून दिंडोरी, वणी, नांदुरी या मार्गाने पायी गडाकडे जाणारा भाविक वाहनांच्या गर्दीत ८ तास चालला, तर त्या वेळात तो जवळपास संपूर्ण दिवसाच्या विश्रांतीइतकी, म्हणजे सुमारे १२ घनमीटर हवा श्वासावाटे घेतो. यात्रेच्या १५ दिवसांत कणांचे प्रमाण ६० मायक्रोग्रॅमने वाढले असे मानल्यास वार्षिक सरासरी अवघी अडीच मायक्रोग्रॅमने वाढेल. वार्षिक आकड्यात यात्रा दिसतच नाही. दम्याचा रुग्ण, बंदोबस्तावरील पोलीस किंवा रस्त्याकडेचा प्रसादविक्रेता यांच्या दृष्टीने मात्र तेच १५ दिवस जोखमीचे असतात.

ऋतुमानाचा परिणामही येथे लक्षणीय आहे. शेजारच्या निफाड तालुक्यात हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमानांची नोंद अनेकदा होते. अशा निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या थरापेक्षा अधिक थंड होते. या तापमान विपरीततेमुळे धूर वर न जाता जमिनीलगत कोंडून राहतो. नेमक्या याच रात्री द्राक्षबागा थंडीपासून वाचविण्यासाठी या परिसरात शेकोट्या पेटविल्या जातात आणि घरोघरी बंब व शेगड्या अधिक काळ जळतात. स्रोत वाढण्याचा व धूर साचण्याचा काळ एकच येतो. म्हणून केवळ पावसाळ्यात किंवा केवळ दुपारी केलेले मापन वणी परिसराचे खरे चित्र देणार नाही.

४) जोखमीचे निरूपण : मागील तीन टप्प्यांतील माहिती एकत्र करून प्रदूषणाशी निगडित मृत्यूंचा किंवा आजारांचा हिस्सा काढला जातो. एखाद्या वस्तीतील पीएम २.५ ची वार्षिक सरासरी राष्ट्रीय मानकाइतकी, म्हणजे ४० आहे असे मानू. जागतिक मार्गदर्शक मूल्य ५ असल्याने फरक ३५ येतो. १.०८ या संख्येचा साडेतीन घात घेतल्यास सापेक्ष जोखीम सुमारे १.३१ येते. या संख्येतून १ वजा करून बाकीला १.३१ ने भागल्यास ०.२४ हा हिस्सा मिळतो. त्या वस्तीतील प्रौढांमध्ये वर्षाला ८० नैसर्गिक मृत्यू होत असल्यास त्यांपैकी सुमारे १९ मृत्यू या अतिरिक्त प्रदूषणाशी निगडित ठरतात. विश्वासमर्यादा लक्षात घेता हा आकडा सुमारे १५ ते २१ असा मांडणे अधिक योग्य होय.

या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ते १९ जण कोण हे कोणीही सांगू शकत नाही व मृत्यूच्या दाखल्यावर ‘वायुप्रदूषण’ असे कारण लिहिलेले नसते. हा आकडा संपूर्ण समूहाविषयी आहे. प्रदूषण आज घटले म्हणून उद्याच १९ मृत्यू टळतील, असेही त्यातून सूचित होत नाही. तसेच अतिउच्च प्रमाणात हा संबंध सरळ रेषेत राहत नाही. म्हणून चुलीजवळच्या शेकडो मायक्रोग्रॅम प्रमाणास हेच सूत्र जसेच्या तसे लावता येत नाही. देशाच्या पातळीवर अशाच पद्धतीने केलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात २०१९ या वर्षी भारतात १६.७ लाख मृत्यू वायुप्रदूषणाशी निगडित असल्याचे आढळले. त्यांपैकी ९.८ लाख बाह्य हवेतील कणांशी आणि ६.१ लाख घरातील धुराशी निगडित होते.

महाविद्यालयीन पातळीवरील शक्यता

वायुमापनात शैक्षणिक संस्थांचा सहभाग महाराष्ट्रास नवा नाही. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागाने असे काम केले आहे. लहान महाविद्यालयातही रसायन, भूगोल, वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्र व समाजशास्त्र या विभागांना एकत्र येऊन प्राथमिक मूल्यमापन हाती घेता येईल.

मापनासाठी श्वसनीय धूलिकण नमुनायंत्राची पद्धत परिचित आहे. मिनिटाला १.१ घनमीटर वेगाने ८ तास हवा ओढल्यास ५२८ घनमीटर हवा गाळणकागदातून जाते. कागदाचे वजन ५२.८ मिलिग्रॅमने वाढले असल्यास प्रमाण प्रतिघनमीटर १०० मायक्रोग्रॅम येते. कागद वजनापूर्वी व वजनानंतर समान आर्द्रतेत ठेवणे आवश्यक असते. वार्षिक सरासरीसाठी राष्ट्रीय मानकानुसार आठवड्यातून दोनदा, समान अंतराने, वर्षाला किमान १०४ मापने अपेक्षित आहेत. स्वस्त प्रकाशीय संवेदकांचा वापर अलीकडे वाढला आहे. तथापि दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात व संवेदक प्रमाण वाढवून दाखवितो. म्हणून प्रमाणित यंत्राशेजारी काही आठवडे ठेवून तुलना केल्याशिवाय त्यांच्या निरपेक्ष आकड्यांवर विसंबू नये. दोन ठिकाणांमधील किंवा दोन वेळांमधील फरक दाखविण्यासाठी मात्र ते उपयुक्त आहेत.

आरोग्याच्या बाजूने कुटुंबनिहाय प्रश्नावली, शिखर श्वासप्रवाहमापक आणि ग्रामीण रुग्णालयातील बाह्यरुग्ण नोंदी ही तीन साधने उपलब्ध होऊ शकतात. वय, विडी व तंबाखूचे सेवन, पूर्वीचा क्षयरोग, व्यवसाय आणि इंधन या घटकांची नोंद न केल्यास त्यांचे परिणाम प्रदूषणाच्या परिणामात मिसळतात आणि निष्कर्ष फसवा ठरतो. लोकांची लेखी संमती, नोंदींची गोपनीयता आणि नैतिकता समितीची मान्यता या बाबी अभ्यासाच्या आरंभीच पूर्ण केल्या पाहिजेत.

एका वर्षात एका महाविद्यालयाला प्रदूषणाशी निगडित मृत्यूंची संख्या ठरविता येणार नाही, कारण त्यासाठी लोकसंख्या लहान व काळ अपुरा पडतो. परंतु गावात सर्वाधिक मात्रा कोणाच्या वाट्याला येते, कोणत्या महिन्यात येते आणि कोणत्या स्रोतातून येते, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यातून निश्चित मिळू शकतात. उपाय ठरविण्यासाठी हीच उत्तरे लागतात.

समारोप

कणरूप प्रदूषणाची जोखीम हवेतील प्रमाण, संपर्काचा काळ आणि श्वास घेणाऱ्यांची संख्या यांतून ठरते. यांपैकी केवळ पहिल्या घटकाचे, तेही मोठ्या शहरातील निवडक ठिकाणी, नियमित मापन होते. राष्ट्रीय कार्यक्रमातील प्रगतीही प्रामुख्याने पीएम १० च्या घटीवरून तपासली गेली आहे. या मापाने पाहिल्यास रस्ते झाडणे व पाणी मारणे हे उपाय ठळक दिसतात, तर चूल, बंब, शेकोटी व जळता कचरा हे सूक्ष्म कणांचे स्रोत मागे पडतात. वणीसारख्या गावात मूल्यमापनाची सुरुवात स्वयंपाकघर, बसस्थानक, बाजारपेठ व यात्रामार्ग या चार ठिकाणच्या मापनाने आणि तेथे कोण किती तास असते याच्या नोंदीने करणे उचित ठरेल. या मूल्यमापनातून मिळणारे आकडे प्राथमिक असतील. तरीही नाशिकच्या आकड्यावरून वणीविषयी केलेल्या अनुमानापेक्षा ते येथील लोकांच्या श्वासाच्या अधिक जवळचे असतील आणि ग्रामपंचायत, देवस्थान व आरोग्ययंत्रणा यांना निर्णयासाठी त्यांचा आधार घेता येईल.